पडलेल्या वाऱ्यातली शर्यत

मागच्या अंकात मुंबई बंदरात शर्यतींचा हंगाम सुरू झाल्याचं लिहिलं होतं. त्यावर आलेल्या बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे: वारा नव्हता, म्हणून मजा आली नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात असं होणारच. पावसाळी वारा परतलेला असतो आणि दुपारचा खारा वारा अजून रोजच्या वेळेला यायला लागलेला नसतो. मला मात्र मंद वाऱ्यातली शर्यत मनापासून आवडते. जोरदार वाऱ्यात वजन आणि ताकद बरंच काही करून जाते; वारा पडला की उरतं ते फक्त सेलिंग. म्हणून या वेळी याच विषयावरची पत्रं निवडली आहेत.

ताई, आम्ही दोघं मित्र, ठाण्याचे, चाळिशीच्या आसपासचे. गेल्या वर्षी सेलिंग शिकलो आणि परवा एंटरप्राइज या दोघांनी चालवायच्या शिडाच्या बोटीवर पहिल्यांदाच क्लबच्या शर्यतीत उतरलो. स्टार्ट बरा झाला, पहिल्या मार्कपर्यंत (वळसा घालायच्या खुणेपर्यंत) मधल्या घोळक्यात होतो. बाराच्या सुमाराला वारा पडला. आम्ही शीट (शिडाची दोरी) घट्ट ओढली, टिलर (सुकाणूचा दांडा) हलवून पाहिलं, दोन-तीनदा टॅक मारला (बोटीचं पुढचं टोक वाऱ्यातून वळवून दुसऱ्या बाजूने निघालो), जागा बदलून बसलो. बोट हलेना. आजूबाजूच्या बोटी हळूहळू पुढे निघून गेल्या. शेवटी कंटाळून आम्ही टो घेऊन, म्हणजे दुसऱ्या बोटीकडून ओढून घेत, परत आलो. त्या लोकांना असं काय येतं जे आम्हाला येत नाही?
— एक वाचक, ठाणे

तुमचं पत्र दुसऱ्यांदा वाचताना मी पेन्सिलीने खुणा केल्या. शीट ओढली, टिलर हलवलं, टॅक मारले, जागा बदलल्या. वारा पडल्यावर तुम्ही चार गोष्टी केल्यात आणि चारही गोष्टींनी बोट थांबते. पुढे गेलेल्यांनी बहुधा यांतलं काहीच केलं नसणार.

आधी हिशेब बघा. वाऱ्याचा शिडावरचा जोर वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. आठ नॉटचा (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) वारा चारवर आला की जोर निम्मा होतो असं वाटतं, पण उरतो फक्त चौथा हिस्सा. दोनवर आला तर सोळावा. एंटरप्राइजची ती निळी शिडं दोन्ही मिळून साधारण साडेदहा चौरस मीटर. एवढ्या कापडाने, एवढ्याशा जोरावर, बोट आणि दोन मोठी माणसं ढकलायची. थांबलेली बोट अशा वाऱ्यात पुन्हा चालू व्हायला फार वेळ घेते. चालत्या बोटीला चालती ठेवायला थोडं पुरतं. तेव्हा बोटीत उरलेली गती ही खात्यातली शिल्लक समजा. नवी रक्कम जवळपास येत नाही, आणि प्रत्येक टॅक, टिलरचा प्रत्येक झटका, उठून केलेली प्रत्येक हालचाल त्याच शिलकेतून वजा होते.

आता शीट. वारा गेला की हात आपोआप शीट ओढतो, नवशिक्यांचाही आणि मुरलेल्यांचाही. पण मंद हवेला मोठं वळण झेपत नाही. शिड फार आत ओढलं की हवा त्याच्या मागच्या अंगाला धरून वाहायची थांबते आणि सुटते. शिड दिसतं भरलेलं, ओढ मात्र नसते. किकर, म्हणजे बूम (शिडाच्या तळाचा आडवा दांडा) खाली ओढून धरणारी दोरी, ढिला करा. मेनच्या (मोठ्या शिडाच्या) वरच्या लीचवरच्या (मागच्या कडेवरच्या) टेलटेलकडे, त्या बारीक फितीकडे, बघा. ती मागे सरळ उडत असेल तर ठीक, शिडामागे जाऊन लपली तर शीट दोन बोटं सोडा. शिडाचा वरचा भाग खालच्यापेक्षा थोडा बाहेर उघडलेला हवा. त्याचं कारण असं की पाण्यालगत घर्षणामुळे वारा आणखी मंद असतो आणि मास्टच्या (डोलकाठीच्या) टोकाशी जास्त, त्यामुळे चालत्या बोटीला तो वर वेगळ्या कोनातून लागतो. अगदी दोन-तीन नॉटचा वारा असेल तर शिड जरा चपटं ठेवा. पाच-सहा झाला आणि पाणी हलत असलं की आउटहॉल (शिडाची खालची कड ताणणारी दोरी) सोडून त्याला पोट द्या.

बसण्याबद्दल मला जास्त बोलायचं आहे, कारण बरीच वर्षं मी क्रू (सुकाणू न धरणारा साथीदार) म्हणूनच बसले. माझा थोरला भाऊ एनसीसीच्या नेव्हल विंगमध्ये एंटरप्राइज शिकला आणि मग त्याने मला पुढे बसवलं. मंद वाऱ्यात क्रूची जागा म्हणजे लीवर्डला (वारा जातो त्या बाजूला), मास्टच्या जितकं जवळ जाता येईल तितकं, गुडघे पोटाशी घेऊन. पाय बधिर होतात, कंबर धरते, घामाने जॅकेट चिकटतं. पण तिथेच बसायचं. वजन पुढे गेलं की बोटीची मागची बाजू पाण्याबाहेर उचलली जाते. कमी वेगात बोटीला अडवतं ते मुख्यतः पाण्याचं घर्षण, आणि जितकं कमी अंग पाण्यात तितकं घर्षण कमी. बोट लीवर्डला किंचित, पाच-दहा अंश, कललेली ठेवायची ती यासाठीच. त्याचा दुसरा फायदा असा की वारा अगदी गेला तरी शिडं स्वतःच्या वजनाने योग्य बाजूला लोंबून आपला आकार धरून राहतात, आणि पुढची झुळूक आली की लगेच कामाला लागतात. बोट सपाट असेल तर बूम मधोमध डुलत बसते आणि प्रत्येक झुळकेचा पहिला भाग ती नुसती बाहेर ढकलण्यात वाया जातो.

हेल्मने (बोट चालवणाऱ्याने) टिलर दोन बोटांत धरावं. रडर (सुकाणू) वळवलं की ते पाणी अडवतं, म्हणजे ब्रेकच. दिशा बदलायची असेल तर आधी शरीर थोडं आत-बाहेर झुकवा, शिडांना वळवू द्या, रडर सोबतीला. आणि टॅक कमीत कमी मारा. या वाऱ्यात एका टॅकची किंमत बोटीच्या दोन-तीन लांब्यांपेक्षा जास्त पडते. तुम्ही दोन-तीनदा मारलेत, तेवढ्यात शेजारच्या बोटी निघून गेल्या हे त्यामुळेच.

नजर ठेवायचं काम क्रूचं. हेल्म टेलटेल बघतो, क्रूने बाहेर बघायचं. पाण्यावर काळसर, खवल्यांसारखा पट्टा दिसला की तिथे वारा उतरला आहे. नांगरलेल्या जहाजांवरची निशाणं, ट्रॉम्बेकडचा धूर, लांबच्या बोटींच्या शिडांचा कल, सगळं बघायचं आणि हळू आवाजात हेल्मला सांगत राहायचं. चेहऱ्याला वारा जाणवायला साधारण चार नॉट लागतात, त्याखाली धूरच खरं सांगतो. मी अजूनही गाल ओला करून मान वळवते. ज्या बाजूला थंड लागतं तिकडून वारा.

तुमचा वारा बाराला पडला हेही नेहमीचंच आहे. सकाळी ईशान्येकडून मतलई वारा असतो, ऊन चढलं की तो मरतो. मग मधे एक पोकळी, आणि तिच्यानंतर वायव्येकडून खारा वारा. आपलं बंदर शहराच्या पूर्वेला, त्यामुळे हा वारा इमारतींवरून येतो आणि कुलाब्याच्या किनाऱ्यालगत तो तुटक असतो, लांब पाण्यात सलग. पोकळी सुरू झाली की पुढच्या तासाचा वारा कुठून येणार याचा विचार करून बोट हळूहळू तिकडे नेत राहायची. जुना वारा संपताना तुमच्या पुढे असलेला माणूस नवा वारा आल्यावर पुढेच असेल असं नाही. माझ्या पाहण्यातल्या कितीतरी शर्यती अशा मधल्या पोकळीत उलटल्या आहेत.

मुंबईपुरती एक अडचण वेगळी: गेटवेहून घारापुरीला आणि मांडव्याला जाणाऱ्या लाँचेस. त्यांच्या लाटा आल्या की शिडं हेलकावतात आणि त्यांतला वारा अक्षरशः झटकून टाकला जातो. लाट येताना दिसली की थोडं बेअर अवे करा (वाऱ्यापासून दूर वळा), शीट जरा सोडा, गती जमा करा आणि लाटांना तिरके सामोरे जा. क्रूने हात लावून बूम स्थिर धरावी. दोघांनीही वजन हलवू नये. लाटा गेल्यावर सावकाश पुन्हा वर, म्हणजे वाऱ्याकडे, या.

एक मात्र मला लागलं, ते म्हणजे तुम्ही टो घेतलात. शर्यतीला वेळेची मर्यादा असते, ती सेलिंग इन्स्ट्रक्शन्समध्ये (शर्यतीच्या लेखी सूचनांत) लिहिलेली असते. वारा पडला तर शर्यत चालवणारी कमिटी मार्ग छोटा करू शकते: पांढऱ्यावर निळा चौकोन असलेलं 'एस' निशाण आणि दोन आवाज. मग जवळचाच मार्क फिनिश ठरतो. तुम्ही निघून गेल्यावर दहा मिनिटांत ते निशाण चढलं असतं तर? शिवाय गुणांचा हिशेब बघा. पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन, कमी गुणांचा विजय. मालिकेत चौदा बोटी नोंदल्या असतील तर शर्यत न संपवणाऱ्याला पंधरा मिळतात, शेवटून दुसरं आलात तरी तेरा. मालिकेच्या अखेरीस हे दोन गुण कुठे ना कुठे भेटतात. पुढच्या वेळी पाणी, टोपी आणि थोडे शेंगदाणे घ्या, आणि कमिटीने सांगेपर्यंत बसून राहा.

माझी मुलगी तेरा वर्षांची आहे, ऑप्टिमिस्ट (मुलांनी एकट्याने चालवायची छोटी बोट) चालवते. शरीराने बारीक आहे. मंद वाऱ्यात ती पुढे असते, पण काही मुलं बोट डाव्या-उजव्या अंगाला हलवून, शिड सारखं ओढून-सोडून तिच्या पुढे जातात. तिच्या प्रशिक्षकांचं म्हणणं, "सगळेच करतात, कोणी बघत नसेल तेव्हा तूही कर." ती रडवेली होऊन विचारते, मी काय करू?
— एक आई, पनवेल

तिला सांगा, तू करू नकोस. आणि हे फक्त सभ्यपणापोटी सांगू नका, नियमच तसा आहे. शर्यतीच्या नियमांतला ४२ क्रमांकाचा नियम म्हणतो की बोट वाऱ्याने आणि पाण्याने चालली पाहिजे. शिड पंख्यासारखं हलवणं, बोट डोलवणं, पुढे झेप घेऊन एकदम थांबणं, रडरने वल्हवणं, उगाच पुन्हा पुन्हा टॅक किंवा जाईब (वारा मागून असताना बाजू बदलणं) करणं, सगळं त्यात बसतं. मोठ्या स्पर्धांत ज्युरी मोटरबोटीतून फिरते. पकडलं की शिट्टी आणि पिवळं निशाण, मग दोन पूर्ण गिरक्या. मंद वाऱ्यात दोन गिरक्या म्हणजे मिळवलेलं सगळं गेलं.

पण नियमात जे चालतं ते मात्र तिला पूर्ण शिकवा, कारण बरीच मुलं भीतीने तेही करत नाहीत. टॅक करताना शरीराने बोट कलवणं चालतं. आधी लीवर्डला थोडी कलू द्यायची, मग वळताना वजनाने उलट बाजूला आणायची आणि शिड भरताना सपाट करायची. अट एकच: टॅक केला नसता तर बोटीला जी गती असती त्यापेक्षा जास्त गती टॅकनंतर मिळता कामा नये. हा रोल टॅक नीट जमणाऱ्या मुलांना डोलवायची गरज पडत नाही. बंदरात जागा नसेल तर खडकवासल्यासारख्या तलावात, सकाळी पाणी स्थिर असताना, नुसते टॅकच टॅक करायला लावा. ते कंटाळवाणं काम आहे, तरी त्याने फरक पडतो.

दुसऱ्याने तिच्या समोर नियम मोडला तर "प्रोटेस्ट" असं मोठ्याने ओरडून सांगायचा तिला हक्क आहे. सहा मीटरपेक्षा लहान बोटीला त्यासाठी लाल निशाण लावावं लागत नाही. किनाऱ्यावर येऊन दिलेल्या वेळेत अर्ज भरायचा. सुरुवातीला मोठ्यांनी सोबत बसावं, पण बोलणं तिला करू द्यावं.

तिच्या बारीक असण्याची तर काळजीच नको. अडीच मीटरपेक्षाही कमी लांबीच्या त्या बोटीत पाच किलोचा फरक मंद वाऱ्यात सरळ दिसतो. वारा वाढेल तेव्हा तिला जास्त झुकावं लागेल, पण ती वाढतेही आहे. पंधराव्या वर्षी ऑप्टिमिस्ट संपते, मग आयएलसीए ४ सारखी बोट येईल. २०२३मध्ये हांगझोउच्या आशियाई स्पर्धांत मुलींच्या याच प्रकारात नेहा ठाकूरने रौप्यपदक मिळवलं. ती मध्य प्रदेशातली, भोपाळच्या तलावावर शिकलेली. तुमच्या लेकीला तिचं उदाहरण जरूर सांगा.

प्रशिक्षकांशी तुम्ही स्वतः बोला, मुलीला मधे घालू नका. आणि ते ऐकणार नसतील तर दुसरे शोधा. तेराव्या वर्षी "कोणी बघत नसेल तेव्हा" हे शिकलेलं मूल पुढे ते फक्त पाण्यावरच वापरत नाही.

आम्ही करंजाचे कोळी. आजा शिडाच्या होडीवर मासे मारायचा, बापाच्या वेळेला इंजिन आलं. मी आता एका क्लबाच्या बोटीवर क्रू म्हणून जातो. मागच्या शर्यतीत वारा नावाला आणि सुकतीचं (ओहोटीचं) पाणी जोरात. शिडं भरलेली दिसत होती, तरी आम्ही मागे मागे चाललो होतो. मी म्हटलं, नांगर टाकू. आमचा हेल्म म्हणाला, शर्यतीत नांगर टाकला तर बाद होतो. कोण बरोबर?
— एक वाचक, उरण

दादा, तुम्ही बरोबर. नियम ४५ स्पष्ट आहे: शर्यत चालू असताना बोटीला नांगर टाकता येतो. किनाऱ्याला किंवा दुसऱ्या बोटीला बांधता येत नाही, त्याला ठरावीक अपवाद आहेत. पुढे निघताना नांगर वर काढून घ्यायचा. एवढं सांभाळा की नांगर बोटीच्या नाळेवरून (पुढच्या टोकावरून) सरळ खाली सोडायचा, पुढे भिरकावायचा नाही. उचलताना दोर ओढत तुम्ही नांगर सोडला त्या जागेपर्यंत आलात तर हरकत नाही. दोर ओढून त्याच्याही पुढे बोट नेली तर ते ढकलणं झालं आणि ४२वा नियम मोडला. आणि मोठ्या जहाजांच्या चॅनेलमध्ये नांगर अजिबात नको, मग शर्यत गेली तरी चालेल.

मागे चाललो आहोत हे तुम्हाला कळलं, तिथेच तुम्ही तुमच्या हेल्मच्या पुढे होतात. पाण्याकडे बघून ते कळत नाही. नाळेपुढून पाणी वाहत असतं, टेलटेल उडत असते, बोट चालल्यासारखीच वाटते. बोटीचा वेग दोन नॉट आणि उलट पाण्याचा ओढाही दोन नॉट असेल तर तुम्ही जागच्या जागी उभे आहात. उधाणाच्या दिवसांत आपल्या बंदरातला ओढा याहून जास्त होतो. म्हणून किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरायच्या, जवळचा एक बॉय (नांगरलेली तरंगती खूण) आणि त्यामागची एखादी इमारत. त्या एकमेकींपासून कोणत्या बाजूला सरकतात त्यावरून खरं चालणं कळतं. तुमच्या आजोबांनी खडक चुकवायला आणि जाळ्याची जागा धरायला हेच केलं असणार. अशा वेळी गुपचूप नांगर सोडून बसलेली बोट, बाकीच्या मागे वाहत जाताना, काही न करता दहा जागा वर येते. शिडं भरलेलीच ठेवायची म्हणजे शेजाऱ्यांच्या उशिरा लक्षात येतं.

तिथीचा पाऊणपट हा हिशेब तुमच्या घरात नक्की माहीत असेल, पण शर्यतीतल्या पुष्कळांनी तो ऐकलेलाही नसतो, म्हणून सगळ्यांसाठी लिहिते. तिथीला पाऊणने गुणायचं, भरतीची अंदाजे वेळ मिळते. पौर्णिमा किंवा अमावास्या म्हणजे पंधरा, पाऊणपट सव्वाअकरा: मुंबईत त्या दिवशी साडेअकरा-बाराच्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमीला आठाचे सहा. भरतीनंतर सहा तासांनी सुकती. पौर्णिमा-अमावास्येनंतरच्या एक-दोन दिवसांत उधाण सगळ्यांत जास्त, अष्टमीच्या आसपास भांगाचं, म्हणजे कमी चढ-उताराचं, पाणी आणि ओढा कमी. शर्यतीची तारीख कळली की मी आधी पंचांग बघते, मग भरतीचं छापील कोष्टक, आणि सगळ्यांत शेवटी वाऱ्याचा अंदाज. कोष्टक नेमकं असतं, पण तिथीवरून तो दिवस कसा जाणार याचं चित्र एका क्षणात उभं राहतं.

आणि त्यावरून मार्ग ठरवायचा. पाणी उलटं असेल तर खोल भागातून निघून उथळ पाण्याकडे जा, तिथे ओढा कमी असतो. पाणी सोबत असेल तर खोलात राहा. तुमच्याकडची पूर्वेची बाजू उथळ आहे. कुठे किती पाणी, कुठे चिखल, कुठे खुंट रोवलेले, हे तुम्हाला त्या क्लबातल्या कोणाहीपेक्षा जास्त माहीत आहे. सेंटरबोर्ड (बोटीच्या तळातून खाली सोडलेली फळी) वर घेऊन तिथून जाता येतं. तुमच्या हेल्मला ते सांगा, आणि शर्यतीच्या आधी सांगा, चालू शर्यतीत वाद नको.

स्टार्टलाही हेच. ओढा तुम्हाला लाईनच्या पलीकडे नेत असेल तर भरपूर मागे थांबा. एकदा आधीच पार झालात की मंद वाऱ्यात उलट पाण्यावर परत येणं जवळपास अशक्य. ओढा लाईनपासून मागे नेत असेल तर उलट, पाच मिनिटांचं निशाण चढतं तेव्हापासून लाईनला चिकटून राहा. मार्कला जातानाही तसंच. ओढा मार्कवर ढकलत असेल तर मोकळं पाणी जास्त ठेवा. मार्कला बोट घासली की एक गिरकी घ्यावी लागते, आणि ती गिरकी घेताना तुम्ही पुन्हा त्याच मार्कवर वाहत जाता. आजोबा असतील तर त्यांना माझा नमस्कार सांगा.

मी नोकरीनिमित्त हैदराबादला असतो, हुसेनसागरवर लेझर (एकट्याने चालवायची बोट) चालवतो. तुमचे लेख मुंबईचेच असतात. आमच्याकडे भरती नाही, मग मंद वाऱ्यात बघायचं काय?
— एक वाचक, सिकंदराबाद

वाऱ्याची दिशा. तलावाभोवती इमारती, रस्ते, झाडी. वारा त्यांतून वाट काढत येतो आणि सारखा वळतो. दहा अंशांनी वारा तुमच्या बाजूने वळला तर एका टॅकवरच बरीच बाजी मिळते, विरुद्ध वळला तर बिघडते. तेव्हा टॅक कमी मारा हा वरचा सल्ला तुम्ही थोडा सैल करा. हेडर (विरुद्ध वळलेला वारा) आला, तो टिकणार अशी खात्री झाली आणि बोटीला गती आहे, अशा वेळी टॅक मारायचाच. गती नसेल तर आधी थोडं बेअर अवे करून ती मिळवा. संजीवय्या पार्कमधल्या त्या प्रचंड झेंड्यावर विसंबू नका. तो उंचावरचा वारा सांगतो, तुमच्या शिडाला लागणारा वेगळा असू शकतो. काठावरची छोटी निशाणं आणि दुसऱ्या बाजूच्या बोटी बघा. रनवर (वारा मागून असताना) अगदी सरळ वाऱ्याबरोबर जाऊ नका, थोडं वर चढून तिरकं चाला. अंतर वाढतं, पण वेग त्याहून जास्त वाढतो.

साठी ओलांडली आहे. १९८२च्या एशियाडच्या शिडाच्या शर्यती मुंबई बंदरात झाल्या तेव्हा कॉलेजात होतो आणि किनाऱ्यावरून बघत होतो. तेव्हापासूनची इच्छा. आता निवृत्त झालो. पोहता येतं. गुडघे फारसे साथ देत नाहीत. या वयात शर्यतीत उतरण्याचा विचार करणं बरं दिसेल का?
— एक वाचक, गिरगाव

काका, जरूर उतरा. त्या वर्षी फायरबॉल प्रकारात फारुख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी आपल्याच बंदरात सुवर्णपदक मिळवलं. तो आनंद ज्यांनी प्रत्यक्ष बघितला त्यांच्यापैकी एकजण आता बोटीत बसतोय याचं मला फार बरं वाटलं.

मंद वाऱ्याच्या दिवसांत तुमच्या वयाचा माणूस बोटीला जड जात नाही. तेव्हा लागतं ते शांत बसणं, लक्ष ठेवणं, वारा आणि पाणी वाचणं. गुडघ्यांचा प्रश्न मात्र खरा आहे. एंटरप्राइजमध्ये पुढे उकिडवं बसणं तुम्हाला झेपणार नाही, आणि हट्टाने करूही नका. क्लबांत मोठ्या, कीलच्या (तळाला पक्का जड पंख असलेल्या) बोटीही असतात, त्यांवर तीन-चार जण बसतात आणि बसायला बाक असतो. मुंबईत जुन्या सीबर्ड बोटी अजून शर्यतीत उतरतात, त्या बघून या. क्रूची गरज जवळपास सगळ्यांनाच असते. शर्यतीच्या दिवशी स्टार्टच्या दोन तास आधी जाऊन "क्रू हवा आहे का" असं विचारणारा माणूस सहसा रिकाम्या हाताने परत येत नाही.

पोहता येत असलं तरी लाइफ जॅकेट अंगात आणि पट्टा लावलेला, वारा असो वा नसो. डॉक्टरांना एकदा विचारून घ्या, विशेषतः रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर. वारा पडलेल्या दुपारी पाण्यावर सावली कुठेच नसते आणि पाण्यावरून परतलेलं ऊन खालूनही भाजतं. लांब बाह्यांचा सुती शर्ट, दोरीने बांधलेली टोपी, दोन लिटर पाणी, आणि थोडं मीठ-साखर घातलेलं लिंबू सरबत वेगळं. बूट मऊ तळव्याचे हवेत, चपला नकोत. पहिल्या दिवशी कोणतंही काम अंगावर घेऊ नका. जिबची (पुढच्या छोट्या शिडाची) शीट धरायला मागा, तिच्यावरची टेलटेल बघत बसा आणि लाँचची लाट कुठून येते ते हेल्मला सांगत राहा. ते काम नीट केलंत तर पुढच्या रविवारी तुम्हाला ते स्वतःच बोलावतील.